उडताना नको, रस्त्यावर उभा असताना बघा: सुपरमॅन १९७८ आणि सुपरमॅन १९८७

आधी प्रकरण काय आहे ते सांगतो. १९७८ च्या डिसेंबरमध्ये रिचर्ड डॉनरचा 'सुपरमॅन' आला आणि १९८७ च्या जुलैमध्ये सिडनी फ्युरीचा 'सुपरमॅन ४: द क्वेस्ट फॉर पीस'. दोन्हीत ख्रिस्तोफर रीव्हच सुपरमॅन, मार्गो किडरच पत्रकार लोइस, जीन हॅकमनच खलनायक लेक्स लूथर, तोच निळा-लाल ड्रेस, जॉन विल्यम्सची तीच धून. मधे नऊ वर्षं गेली आणि ती साधीसुधी वर्षं नव्हती, 'रिटर्न ऑफ द जेडाय' आणि 'एलियन्स' त्याच काळात आले, ऑप्टिकल इफेक्टचं, म्हणजे वेगवेगळे काढलेले तुकडे एका फिल्मवर जुळवायचं काम त्या वर्षांत कुठल्या कुठे गेलं. म्हणजे साध्या हिशोबाने नंतरचा सिनेमा जास्त चांगला दिसायला हवा. प्रत्यक्षात तो इतका वाईट दिसतो की दोन्ही पाठोपाठ बघितले तर १९८७ चाच आधी काढलाय असं वाटावं.

हेच प्रकरण घ्यायचं कारण असं की जुन्या सुपरहिरो सिनेमांबद्दल बोलताना सगळे एकच वाक्य फेकतात, "जुना आहे ना, मग असाच दिसणार." माझा भाचा व्हीएफएक्सचा कोर्स करतोय, कंपोझिटिंग म्हणजे वेगवेगळी चित्रं एकत्र करून एक शॉट बनवणं शिकतोय, हुशार आहे, त्याने दोन्ही सिनेमांच्या क्लिपा फोनवर बघितल्या आणि म्हणाला, मामा दोन्ही सारखेच फेक आहेत रे, एक जरा कमी एक जरा जास्त. मला ते अजिबात पटलं नाही आणि नुसतं "नाही पटत" म्हणून सोडायचंही नव्हतं, कारण हे काम शिकणाऱ्या मुलानेच असं म्हटलं तर पुढे तो कुणाचं काम कसं जोखणार? म्हणून दोन्ही सिनेमे पूर्ण, नीट, शॉट थांबवून थांबवून बघितले, त्याच्याबरोबरही आणि एकट्यानेही. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आपण नक्की काय बघतोय हे तपासा, कारण निम्मी भांडणं इथेच मिटतात. '७८ चा सुपरमॅन अ‍ॅनामॉर्फिक पॅनाव्हिजनवर काढलेला, रुंद चौकटीचा सिनेमा आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ कॅसेटवर नाहीतर केबलवर बघितला, म्हणजे दोन्ही बाजू कापून चौकोनात बसवलेला. त्यात फ्रेमची रचनाच मोडते, पण आपण दोष सिनेमाला देतो. आता ऑनलाइन फिरणाऱ्या क्लिपा बघा, कुणीतरी सॉफ्टवेअरने शार्प केलेल्या असतात, ग्रेन म्हणजे फिल्मचा बारीक कण पुसलेला, चेहरे मेणाचे. वर घरच्या टीव्हीवर मोशन स्मूदिंग चालू असतं, जे मधल्या फ्रेम स्वतःच तयार करून घुसवतं आणि मग माणूस एकीकडे आणि मागचं आकाश दुसरीकडे सरकल्यासारखं दिसतं. प्रोजेक्शनवर केलेल्या शॉटचं तर त्यात पार वाटोळं होतं. भाच्याला आधी ते सेटिंग बंद करायला लावलं आणि चांगल्या प्रिंटवर परत बघायला लावलं, तेव्हा त्याचे निम्मे आक्षेप आपोआप गेले.

आणि एक जण हमखास म्हणतो की '७८ चा सिनेमा धूसर आहे, फोकस गेलाय. तो गेलेला नाहीये. कॅमेरामन जेफ्री अन्सवर्थ यांची ती पद्धतच होती, लेन्सपुढे फॉग फिल्टर, प्रकाशाभोवती हलकंसं वलय, काळ्या भागातही थोडं दूध मिसळल्यासारखं. '२००१: अ स्पेस ओडिसी' पण त्यांनीच काढलेला, म्हणजे टोकदार स्वच्छ फ्रेम काढता येत नव्हती असा प्रकार नाही. सुपरमॅनचा मूळ ग्रह क्रिप्टॉन पांढरा झगमगता, तो वाढतो ते गाव स्मॉलव्हिल सोनेरी मऊ, पुढे राहतो ते शहर मेट्रोपोलिस जरा जास्त रोखठोक, असे तीन वेगळे प्रकाश आहेत आणि ते ठरवून केलेत. या मऊपणाचा एक व्यावहारिक फायदाही झाला, इफेक्ट शॉट चार-पाच थरांतून जाऊन थोडा मऊ होतोच, आणि आजूबाजूचे साधे शॉटच मऊ असले तर सांधा दिसत नाही. अन्सवर्थ ऑक्टोबर १९७८ मध्ये गेले, सिनेमा रिलीज झालेला बघायला ते नव्हते, सिनेमा त्यांनाच अर्पण केलाय. धूसर प्रिंट म्हणणाऱ्याला मी आधी हे सांगतो.

आता उडण्याकडे येऊ. '७८ च्या टीमला हे आधी जमतच नव्हतं, हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. पुतळा तोफेसारख्या यंत्रातून उडवून बघितला, रिमोट कंट्रोलचं सुपरमॅनच्या आकाराचं विमान करून बघितलं, अ‍ॅनिमेशन करून बघितलं, काहीच पटेना. ते नाकारत राहिले आणि परत परत टेस्ट काढत राहिले. शेवटी जे जमलं ते कुठल्या एका जादूने नाही तर पाच-सहा पद्धती शॉटनुसार वापरून जमलं, कुठे तारा, कुठे क्रेन, कुठे ब्लू स्क्रीन म्हणजे निळ्या पडद्यासमोर काढून मागे दुसरं चित्र घालणं, कुठे समोरून प्रोजेक्शन, आणि त्या सगळ्यांवर झोरान पेरिसिच यांची झोप्टिक नावाची युक्ती.

ती युक्ती नीट सांगतो कारण मला ती आजही थक्क करते. समोरून प्रोजेक्शन म्हणजे असं की कॅमेऱ्यापुढे अर्धपारदर्शक आरसा ४५ अंशात उभा, बाजूला प्रोजेक्टर, त्याचा प्रकाश आरशावर आपटून बरोबर कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेतून पुढे जातो. मागे स्कॉचलाइटचा पडदा, हायवेवरच्या पाट्या रात्री हेडलाइट पडला की झळकतात ना, तेच तत्त्व, आलेला प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवायचा. नटाच्या अंगावरही ते चित्र पडतं पण कातडी आणि कापड तसा प्रकाश परत पाठवत नाही म्हणून कॅमेऱ्याला ते दिसत नाही, आणि नटाची सावली पडद्यावर पडते ती बरोबर त्याच्याच मागे लपते. इथपर्यंत '२००१' मध्ये झालेलं होतं. पेरिसिच यांनी काय केलं तर प्रोजेक्टरलाही झूम लेन्स लावली आणि कॅमेऱ्यालाही, आणि दोन्ही एकमेकींना जोडून टाकल्या. प्रोजेक्टरने चित्र लहान केलं की तेवढ्याच प्रमाणात कॅमेरा झूम इन करतो, त्यामुळे मागचं आकाश आहे तेवढंच राहतं, पण मधे टांगलेला रीव्ह मात्र मोठा मोठा होत जातो, म्हणजे तो आपल्याकडे उडत येतोय असं दिसतं. तो जागचा हललेलाही नसतो. आणि हे सगळं कॅमेऱ्यातच एका निगेटिव्हवर होतं, नंतर ऑप्टिकल प्रिंटरवर थर चढवायची गरज नाही, म्हणून कडेला रेघ नाही आणि ग्रेन वाढत नाही. भाच्याला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, हे लाइव्ह कंपोझिटिंगच झालं की. बरोबर आहे, तेच आहे.

याच स्कॉचलाइटचे कपडे करून क्रिप्टॉनच्या लोकांना घातले. सुपरमॅनचा बाप झालेल्या मार्लन ब्रँडोच्या अंगावरचा तो पांढरा उजेड नंतर रंगवलेला नाही, कापडच तसा प्रकाश फेकतंय. पडद्यासाठी आणलेल्या मटेरियलचा असा वापर कुणाला सुचला असेल तर ती खरी निर्मितीची श्रीमंती, पैशाची नंतर.

ब्लू स्क्रीनची मात्र पंचाईत होती. निळ्या पडद्यासमोर निळा ड्रेस घातलेला माणूस उभा केला तर पडद्याबरोबर तोही गायब होणार. म्हणून त्या शॉटसाठी ड्रेस जरा हिरवट निळा केला आणि नंतर रंग दुरुस्त केला. आता काही प्रिंटमध्ये उडताना ड्रेस मोरपंखी दिसतो आणि जमिनीवर आला की गडद निळा, हा दोष आहे का? आहे, मी त्याचे मार्क कापतो. पण किती कापायचे हे अडचण केवढी होती त्यावर ठरतं, आणि शिवाय कुठल्या प्रिंटमध्ये तो रंग किती दुरुस्त केलाय हेही बघावं लागतं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते रीव्हच्या शरीराबद्दल. तो स्वतः वैमानिक होता, ग्लायडर उडवायचा, त्यामुळे वळताना आधी खांदा झुकतो, मग कंबर येते, मग पाय मागून फिरतात, नजर वळणाच्या आधीच तिकडे गेलेली असते. तारेला टांगलेल्या माणसाचं शरीर लोंबतं, याचं लोंबत नाही. इफेक्टचा दर्जा जोखताना आपण कडा बघतो, रंग बघतो, पण नट त्या खोट्या हवेवर विश्वास ठेवतोय की नाही हे बघत नाही, आणि खरं तर डोळा सगळ्यात आधी तेच पकडतो.

बाल्कनीचा तो शॉट आठवा. सुपरमॅन लोइसला सोडून उडून जातो, कॅमेरा भारावलेल्या लोइसबरोबर घरात येतो, दारावर टकटक होते आणि दारात क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेषातला सुपरमॅनच, उभा. मधे कट नाही. उडून जाणारा रीव्ह आधी चित्रित करून प्रोजेक्ट केलाय आणि खरा रीव्ह तोपर्यंत चष्मा लावून दाराबाहेर उभा आहे. बघताना कुणाच्या लक्षातही येत नाही की इथे काही ट्रिक झाली, कारण आपण लोइसच्या चेहऱ्याकडे बघत असतो. अशा शॉटला मी शंभरपैकी शंभर देतो, त्यात स्फोट नाही काही नाही. लेस बोवी, कॉलिन चिल्व्हर्स, डेनिस कूप, रॉय फील्ड, डेरेक मेडिंग्ज आणि पेरिसिच या सहा जणांना मिळून विशेष ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

आता १९८७. हक्क आधीच्या निर्मात्यांकडून, साल्काइंड बापलेकांकडून, कॅनन फिल्म्सकडे आले, म्हणजे मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस यांच्या कंपनीकडे. रीव्हला परत यायचं नव्हतं, अण्वस्त्रांचा विषय घेऊ आणि कथेत तुझाही वाटा असेल असं म्हटल्यावर तो आला, आणि त्याची तळमळ खरी होती हे पडद्यावर कळतं. पण कॅनन त्या वेळी एकदम ढीगभर सिनेमे काढत होती आणि पैसे सगळीकडे पातळ झालेले. साधारण ३६ मिलियन डॉलरचं बजेट ठरलेलं, ते १७ च्या आसपास आणलं. ७८ चा सिनेमा साधारण ५५ मिलियनचा होता, त्यावेळचा सगळ्यात महागडा. नऊ वर्षांची महागाई धरली तर १७ मिलियन म्हणजे काय ते समजून घ्या. शिवाय सिनेमा आधी सव्वादोन तासांच्या आसपास होता, तो कापून दीड तासावर आणला.

परिणाम पडद्यावर. सुपरमॅन हात पुढे करून सरळ कॅमेऱ्याकडे उडत येतो असा एक शॉट आहे, तोच शॉट मागचं चित्र बदलून बदलून सिनेमाभर वापरलाय. तेच हावभाव, तोच हात, तीच केसांची बट. एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही. चंद्रावरच्या मारामारीत मागचं अंतराळ म्हणजे काळा पडदा आहे, आणि त्या पडद्याच्या चुण्या दिसतात. काही ठिकाणी तारा दिसतात. कडेला मॅटची, म्हणजे कापून बसवलेल्या आकृतीभोवतीची, रेघ तर ठिकठिकाणी.

तारांवरून आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३७ मध्ये मुंबईत विजय भट्ट यांच्या 'ख्वाब की दुनिया' साठी बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्यांनी वस्तू हलवल्या, अदृश्य माणूस त्या हलवतोय असं दाखवलं, आणि त्यामुळे त्यांचं नावच 'काला धागा' पडलं. म्हणजे काळ्यावर काळं लपवायचं तर प्रकाश कुठून टाकायचा, पडदा किती ताणायचा, कापड कुठलं घ्यायचं, हे ज्ञान १९८७ च्या पन्नास वर्षं आधी मुंबईतल्या स्टुडिओत होतं, आणि ते महाग ज्ञान नव्हतं. पडदा ताणून लावायला मिलियन लागत नाहीत, एक तास लागतो आणि "हे चालणार नाही, परत घेऊ" असं म्हणणारा माणूस लागतो. चंद्राच्या त्या सीनवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा आहे, की तिथे पैशापेक्षा तो एक तास कमी पडलेला दिसतो.

पण खरा पुरावा उडण्यात नाहीच. भाचा परत परत उडण्याचेच शॉट काढून दाखवत होता आणि मी त्याला म्हणत होतो की अरे ते सोड, तो रस्त्यावर उभा असतो तेव्हा बघ.

सुपरमॅन संयुक्त राष्ट्रसंघात जाऊन जगातली सगळी अण्वस्त्रं नष्ट करणार असं जाहीर करतो, हा अख्ख्या सिनेमाचा कणा आहे. न्यूयॉर्कमध्ये ४२ व्या रस्त्यावर तो चालत येतोय, लोक त्याच्या मागे गोळा होताहेत, असा तो प्रसंग. चित्रित कुठे केला तर इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये, नव्याने वसवलेलं शहर, तिथलं रेल्वे स्टेशन राष्ट्रसंघाची इमारत म्हणून उभं केलंय. रीव्हने नंतर १९९८ च्या 'स्टिल मी' या आत्मचरित्रात यावर लिहिलंय, आणि वाचताना कळतं की त्याला ते किती लागलं होतं, पाऊस, शंभरेक एक्स्ट्रा, रस्त्यावर गाडी नाही, आणि त्याने लिहिलंय की हाच प्रसंग डॉनरने केला असता तर खऱ्या ४२ व्या रस्त्यावर केला असता. आता हा शॉट बघा, यात एकही इफेक्ट नाही. ना ब्लू स्क्रीन, ना तार, ना मिनिएचर म्हणजे छोटी प्रतिकृती. तरीही सगळ्यात स्वस्त दिसणारा शॉट हाच आहे. इमारती बुटक्या, रस्ता रिकामा, इंग्लंडच्या ढगाळ आकाशातला सपाट उजेड, आणि जगाचा रक्षक येतोय तर गर्दी किती, एखाद्या शाळेच्या गॅदरिंगला असते तेवढी.

याच्या शेजारी '७८ चा हेलिकॉप्टरचा प्रसंग ठेवा. डेली प्लॅनेट, म्हणजे क्लार्क आणि लोइसच्या वर्तमानपत्राच्या कचेरीसाठी, न्यूयॉर्कची खरी डेली न्यूज बिल्डिंग वापरली, तीही ४२ व्या रस्त्यावरच. रात्र, खाली लोकांचा लोंढा, पोलिसांच्या गाड्या, दिव्यांचे झोत, वर बघणारे चेहरे, प्रत्येक चेहरा काहीतरी वेगळं करतोय. क्लार्क बाहेर येतो, फोनचा खांब बघतो, तिथे लपून कपडे बदलायला जागा नाही, मग फिरत्या दारात शिरतो. वर छत आणि हेलिकॉप्टर स्टुडिओतलं आहे, खालचा रस्ता खरा आहे, आणि दोन्हीतला प्रकाश, वारा, धूर एकमेकांशी जुळवलाय. सुपरमॅन वर झेपावतो तोपर्यंत आपण त्या रस्त्यावर विश्वास ठेवून मोकळे झालेलो असतो, त्यामुळे ब्लू स्क्रीनची कड थोडी दिसली तरी डोळा माफ करून टाकतो. १९८७ मध्ये आधीच्या साध्या शॉटनेच विश्वास उडवलेला असतो, मग इफेक्ट शॉटला कुठून माफी मिळणार. प्रॉडक्शन क्वालिटी बघायची जागा म्हणजे इफेक्टच्या आधीचा आणि नंतरचा साधा शॉट, हे या प्रकरणातून मला जेवढं पक्कं कळलं तेवढं दुसऱ्या कशातून कळलं नसतं.

इथे कुणीही म्हणेल की मग शेवटी हे पैशाचंच झालं ना, ५५ विरुद्ध १७. काही प्रमाणात हो. पण त्याच १९८७ मध्ये आपल्याकडे शेखर कपूरचा 'मिस्टर इंडिया' आला, हॉलिवूडच्या बजेटशी त्याची तुलनाच नको, आणि तो आजही बघताना लाज वाटत नाही. पीटर परेरा यांचं ट्रिकचं काम, वस्तू हवेत तरंगतात, मारुतीची मूर्ती गुंडांना बडवते, लाल उजेडात अदृश्य माणूस दिसायला लागतो. लाल उजेडाची ती कल्पना किती शहाणी आहे बघा, एका रंगीत दिव्यात कथेची अटही बसली, ताणही आला आणि इफेक्टही स्वस्तात निभावला. अदृश्य माणूस दाखवायला नट लागत नाही, त्याचे परिणाम लागतात, आणि ते सेटवरच दोरी-तारेने करता येतात. अंथरूण पाहून पाय पसरलेत. १९८७ च्या सुपरमॅनने राष्ट्रसंघ, चंद्र, चीनची भिंत, सूर्यातून जन्मणारा खलनायक आणि मेट्रोपोलिसवरचं युद्ध एवढं सगळं लिहून ठेवलं आणि मग अर्धे पैसे काढून घेतले, स्क्रिप्ट मात्र तीच ठेवली. बजेट कमी होणं हा दोष मी कुणाला लावत नाही, बजेट कमी झाल्यावर काय दाखवायचं हे परत न ठरवणं हा दोष लावतो, आणि तो वरच्या लोकांचा आहे, तारा ओढणाऱ्यांचा नाही.

१९८४ चा 'सुपरगर्ल' पण या बोलण्यात आला पाहिजे. सिनेमा म्हणून फसलेला, समीक्षकांनी झोडपला, लोकांनीही पाठ फिरवली. पण तिचं पहिलं उड्डाण बघा, झाडांवरून, पाण्यावरून, हलकं, हळुवार, तारेवर केलेलं आणि तरी तार विसरायला लावणारं. मेडिंग्ज आणि फील्ड तिथेही होते. म्हणजे कथा फसली तरी निर्मिती उत्तम असू शकते, ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात. आणि चौथ्या सुपरमॅनच्या फक्त तीन वर्षं आधी इंग्लंडमध्येच हे कसब हाताशी होतं, हेही त्यातून कळतं.

एक पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली, आवाज बंद करून बघणं. विल्यम्सची धून वाजली की छाती आपोआप फुगते, आणि चौथ्या भागात अलेक्झांडर करेज यांनी तीच धून परत बांधलीय, त्यामुळे कान सांगत राहतो की काहीतरी भव्य चाललंय. आवाज काढला की चौथ्या भागातली उड्डाणं एकदम उघडी पडतात. पण खरं सांगायचं तर '७८ ची पण थोडी पडतात. लोइसला घेऊन रात्री शहरावरून उडण्याचा जो लांब भाग आहे, त्यात काही शॉटमध्ये दोघांच्या अंगावरचा प्रकाश आणि मागच्या शहराचा प्रकाश जुळत नाही, दोघं जरा जास्तच उजळ, मागे शहर सपाट. संगीत ते सगळं सांभाळून नेतं. भाच्याने हे माझ्या आधी पकडलं आणि बरोबर पकडलं.

'७८ चे दोष काढायचे तर शेवटचा भूकंप काढा. गोल्डन गेटचं मिनिएचर चांगलं आहे, पूल हलतो, गाड्या घसरतात, वजन जाणवतं कारण मिनिएचर जास्त वेगाने चित्रित करून हळू दाखवलं की जड वाटतं. पण धरण फुटतं तिथे सगळं सुटतं. पाण्याला लहान करता येत नाही ही मिनिएचरची कायमची अडचण, धरण कितीही बारकाईने बांधा, थेंब तेवढाच राहतो, लाटेचा फेस तेवढाच राहतो, आणि डोळ्याला लगेच कळतं की हे पाणी गुडघाभर आहे. मेडिंग्जसारखा माणूस असून ते टळलं नाही. तो पूर आणि पुढे दरड टाकून अडवलेलं पाणी, हे दोन-तीन शॉट मी नापास करतो, ५५ मिलियन असोत नाहीतर ऑस्कर असो.

भाचा आता मान्य करतो की दोन्ही सिनेमे सारखे फेक नाहीत. धरणाबद्दल आमचं एकमत आहे. रुळाच्या तुटलेल्या जागी सुपरमॅन स्वतः आडवा होऊन वरून ट्रेन जाऊ देतो त्या शॉटवर मात्र अजून वाद चालू आहे, त्याला ट्रेनचं वजन रीव्हच्या अंगावर आलेलं दिसत नाही आणि मला रीव्हच्या चेहऱ्यावर ते दिसतं. पुढच्या वेळी तो आला की फ्रेम फ्रेम करून तेवढाच भाग बघणार आहोत.